उद्योगसंस्थेच्या सीमा व तंत्रज्ञान

एखादी उद्योगसंस्था कोणती कामे स्वतःच्या नोकरांकरवी करून घेते आणि कोणती बाजारातून विकत घेते, यांमधील विभाजनरेषेला अर्थशास्त्रात उद्योगसंस्थेची सीमा म्हणतात. ही रेषा स्थिर नसते. वाफेचे इंजिन, तारायंत्र, विजेची मोटार, संगणक अशा प्रत्येक मोठ्या तांत्रिक बदलाबरोबर ती सरकली आहे. मात्र दर वेळी एकाच दिशेने नव्हे.

सैद्धांतिक बैठक : ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी ‘द नेचर ऑफ द फर्म’ (1937) या निबंधात प्रश्न मांडला, की बाजार जर कार्यक्षम असेल, तर उद्योगसंस्था मुळात निर्माणच का होतात? त्यांचे उत्तर असे, की बाजार वापरायलाही खर्च येतो. माल देणारा शोधणे, भाव ठरवणे, करार करणे व तो पाळला जातो का हे पाहणे, यांत वेळ आणि पैसा जातो. संस्थेच्या आत हा खर्च वाचतो; पण देखरेखीचा आणि चुकीच्या निर्णयांचा खर्च वाढतो. जिथे हे दोन्ही खर्च समान होतात, तिथे संस्थेची वाढ थांबते. टेलिफोन व तारायंत्रामुळे दूरवरच्या कामांचे नियोजन स्वस्त होऊन संस्था मोठ्या होण्याकडे कल राहील, असे कोस यांनी नोंदवले. मात्र बहुतेक शोध अंतर्गत नियोजनाचा आणि बाजाराचा असे दोन्ही खर्च बदलतात, त्यामुळे अंतिम परिणाम कोणता खर्च अधिक घटतो यावर अवलंबून राहतो, असेही त्यांनी स्पष्ट केले.

ऑलिव्हर विल्यमसन यांनी यात अडवणुकीच्या मुद्द्याची भर घातली. एखादे यंत्र एकाच गिऱ्हाइकाच्या कामाचे असेल, तर ते बसवल्यानंतर मालक त्या गिऱ्हाइकाच्या हाती सापडतो. अशा ठिकाणी दोन्ही कामे एकाच मालकीखाली येण्याचा संभव वाढतो. कोस यांना 1991 मध्ये आणि विल्यमसन यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला.

विस्ताराचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे व तारायंत्र यांमुळे अमेरिकेत देशव्यापी बाजारपेठ तयार झाली. उत्पादनाचा वेग इतका वाढला, की कच्चा माल वेळेवर येणे आणि तयार माल वेळेवर जाणे बाजाराच्या भरवशावर सोडणे परवडेना. त्यातून पगारी व्यवस्थापकांची उतरंड उभी राहिली. इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांनी ‘द व्हिजिबल हँड’ (1977) या ग्रंथात तिचा इतिहास मांडला आहे. सर्व कामे संस्थेच्या आत आणण्याच्या या प्रवृत्तीचे टोक म्हणजे फोर्ड कंपनीचा मिशिगनमधील रिव्हर रूज कारखाना (बांधकाम 1917–28). तेथे पोलाद, काच, वीज आणि मोटारगाडी यांचे उत्पादन एकाच आवारात होई. रबरासाठी फोर्डने ब्राझीलमध्ये फोर्डलँडिया ही वसाहतही उभारली. परंतु पानांवरील रोगाने दाट लावलेले मळे गेले आणि 1945 मध्ये फोर्डने तेथून काढता पाय घेतला. तोवर कृत्रिम रबर आल्याने मळे बाळगण्याचे कारणही उरले नव्हते.

कापडधंद्याचे उदाहरण : मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांत एका मोठ्या वाफेच्या इंजिनाची शक्ती दांडे, दोर व पट्टे यांवरून शेकडो यंत्रांना पुरवली जाई. यंत्रे इंजिनाजवळ ठेवणे भाग असल्याने मोठी इमारत अपरिहार्य होती. अनेक गिरण्यांत सूतकताई, विणाई आणि रंगाई एकाच आवारात चाले; त्यांना कंपोझिट मिल म्हणत. विजेच्या मोटारीने हे बंधन सोडवले. एकेका मागाला स्वतंत्र मोटार बसू लागली आणि घरालगतच्या शेडमध्ये चार-आठ यंत्रमाग चालवणे शक्य झाले. भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथे विणाई अशी गिरणीबाहेर पसरली.

इचलकरंजीत मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाला ‘खर्चीवाला’ म्हणतात. सूत व्यापाऱ्याचे, सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ देणे) तिसऱ्याच कारखान्यात, तयार बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) खर्चीवाल्याच्या मागावर, आणि विणलेले कापड पुन्हा व्यापाऱ्याकडे, अशी साखळी चालते. मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात बसलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरते. पीक भिंगाखाली मोजता येते, त्यामुळे विणकराच्या पाठीशी मुकादम उभा न करताही काम तपासता येते. जे मोजता येते, ते बाहेर सोपवता येते. अर्थात गिरण्या मागे पडण्याचे श्रेय एकट्या मोटारीला देता येत नाही. गिरण्यांच्या मागसंख्येवरील सरकारी निर्बंध, यंत्रमागांना मिळालेल्या उत्पादनशुल्काच्या सवलती आणि 1982 चा गिरणी संप यांचाही त्यात वाटा आहे. अलीकडे आलेले महागडे शटललेस माग मात्र भांडवलाची गरज वाढवून लहान मागधारकावर उलट दिशेने दाब आणतात.

संगणकयुग : आयबीएमने 1964 मध्ये जाहीर केलेल्या सिस्टम/360 मालिकेत संगणकाचे भाग ठरावीक जोडणीनियमांनुसार घडवले होते. नियम ठरले, की भाग कोणीही बनवू शकतो. त्यातून सुटे भाग पुरवणाऱ्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये प्रोसेसर इंटेलचा व कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती. 1987 मध्ये तैवानात स्थापन झालेल्या टीएसएमसीने केवळ इतरांच्या चिप बनवून देण्याचा व्यवसाय सुरू केला, त्यामुळे स्वतःचा कारखाना नसलेल्या चिप-रचनाकार कंपन्या वाढल्या. येथे एकाच तंत्राने दोन विरुद्ध परिणाम घडवले : रचनेत लहान संस्थांना वाव मिळाला, तर कारखान्याचा खर्च अफाट वाढल्याने निर्मिती मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटली.

मंच-अर्थव्यवस्था : मोबाइल अ‍ॅपवर चालणाऱ्या टॅक्सी व घरपोच सेवांनी सीमेचा प्रश्न नव्याने उभा केला आहे. चालक कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक असतो. पण भाडे, काम आणि मानांकन कंपनीचा संगणक ठरवतो. देखरेख इतकी स्वस्त झाली, की नोकरीवर न ठेवताही हुकूम चालवता येतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क मान्य केले. भारताच्या सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये ‘मंच कामगार’ हा वेगळा वर्ग मानला आहे. त्यामुळे उद्योगसंस्थेची सीमा कोठे आहे, हे आता केवळ खर्चाच्या हिशेबाने नव्हे, तर जबाबदारी कोणाची या कायदेशीर प्रश्नानेही ठरू लागले आहे.