वडिलांचे कागद आणि दोन हजार डॉलर

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते, असे आपण वर्गात शिकवतो. हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीच बेताल वाढू लागल्या, की मेलॅनोमा होतो. त्वचेच्या कर्करोगांत हा संख्येने थोडा, पण फार घातक. आपल्या देशात तो विरळा, ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतील गोऱ्या लोकांत मात्र बराच. वेळीच कापून काढला तर रोगी बरा होतो. यकृतात किंवा मेंदूत पोचलेल्या मेलॅनोमावर मात्र २०१० पर्यंत आयुष्य वाढवील असे एकही औषध सिद्ध झालेले नव्हते. आज त्या अवस्थेतले काही रोगी दहा-दहा वर्षे जगतात. या बदलाची कहाणी सुरू होते ती हातावरच्या एका गाठीपासून. गंमत म्हणजे ती गाठ मेलॅनोमाची नव्हतीच.

१८९० साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली या तरुण सर्जनकडे बेसी डॅशियल ही १७ वर्षांची मुलगी आली. हातात सार्कोमा होता. हात कापूनही काही महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये, ती गेली. कोली हादरला आणि रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळू लागला. त्यात त्याला एक जर्मन स्थलांतरित भेटला. त्याच्या मानेवरची गाठ कापली तरी पुन्हा उगवत होती. मग त्याला धावरे झाले, ताप चढला, आणि गाठ विरघळून गेली! कोली गरीब वस्त्यांतून त्याला शोधत हिंडला. सात वर्षांनंतरही तो माणूस ठणठणीत होता.

कोलीने मग रोग्यांना धावऱ्याचे जिवाणू मुद्दाम टोचले. काहींच्या गाठी विरल्या, दोघे धावऱ्यानेच दगावले. पुढे त्याने मारलेले जिवाणू वापरले. हेच ते 'कोलीचे टॉक्सिन'. पण औषधाची ताकद दर खेपेस वेगळी, नोंदी अपुऱ्या, काही गाठींची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री केलेली नाही. तोवर क्ष-किरण आणि रेडियम आले होते. १९३६ मध्ये कोली वारला तेव्हा त्याची पद्धत मागे पडली होती.

त्याची मुलगी हेलन कोली नॉट्स. वैद्यकाचे शिक्षण नाही. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून तिने त्यांचे कागद उघडले आणि त्यातच ती गुंतली. हजाराहून अधिक रोग्यांच्या नोंदी तिने जुळवल्या. मोठ्या तज्ज्ञांनी दाद दिली नाही. तेव्हा १९५३ साली नेल्सन रॉकफेलर यांच्याकडून मिळालेल्या २,००० डॉलरवर तिने ऑलिव्हर ग्रेस यांच्यासह 'कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट' काढली. नेल्सन हे धाकट्या जॉन रॉकफेलर यांचे चिरंजीव. आणि बेसी डॅशियल ही त्या जॉनची जिवलग मैत्रीण होती. १९६५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने कोलीचे टॉक्सिन 'असिद्ध उपचारां'च्या यादीत घातले. बाई तरीही पैसे जमवीतच राहिल्या. दहा वर्षांनी ते यादीतून निघाले.

आम्हाला कोलीला द्रष्टा ठरवायचे नाही. त्याचा पुरावा खरोखरच कच्चा होता, आणि शंका घेणारे सगळे काही खलनायक नव्हते. हेलनबाईंचे मोल आम्हाला वेगळ्याच गोष्टीत वाटते. वडील बरोबर होते हे सिद्ध करण्यापाशी न थांबता त्यांनी प्रतिकारशक्तीच्या मूलभूत संशोधनाला पैसा पुरवला.

त्या वाटेवर आपल्या ओळखीची एक वस्तू भेटते. बीसीजी, जिचा वण आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर आहे. १९५९ मध्ये लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की बीसीजी टोचलेले उंदीर गाठींना जास्त विरोध करतात. ओल्ड पुढे हेलनबाईंच्या संस्थेचे वैज्ञानिक संचालक झाले. १९७० मध्ये मेलॅनोमाच्या त्वचेवरील गाठींत बीसीजी टोचल्यावर त्या विरताना दिसल्या. शरीरात आत पसरलेला रोग मात्र हटेना.

हे असे का, याचे उत्तर जेम्स अ‍ॅलिसन यांच्या कामातून मिळाले. ते कर्करोगाचे औषध शोधायला निघालेच नव्हते. टी-पेशी कशा चालतात, एवढेच त्यांना समजून घ्यायचे होते. या पेशींवर सीटीएलए-४ नावाचे प्रथिन असते आणि ते ब्रेकचे काम करते. तोवर सारे जण अ‍ॅक्सिलरेटरच दाबत होते! १९९६ मध्ये प्रतिपिंडाने हा ब्रेक सोडवताच उंदरांच्या गाठी नाहीशा झाल्या. त्यावरून बनलेल्या इपिलिमुमॅबला मार्च २०११ मध्ये मेलॅनोमासाठी मान्यता मिळाली. २०१८ चे नोबेल अ‍ॅलिसन आणि पीडी-१ हा दुसरा ब्रेक शोधणारे तासुकु होंजो यांना मिळाले. ब्रेक सुटलेल्या पेशी कधी स्वतःच्या आतड्यावर, यकृतावरही उलटतात, हेही सांगायला हवे.

पैसे जमवणाऱ्यांत पुढे रोगीही आले. मेलॅनोमातून वाचलेल्या डेब्रा ब्लॅक यांनी पतीसह २००७ मध्ये 'मेलॅनोमा रिसर्च अलायन्स' काढली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृत आणि मेंदूत पोचला होता. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पीडी-१ रोखणारे औषध दिल्यावर डिसेंबरमध्ये रोगाचा मागमूस उरला नाही. ते वारले २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या शंभराव्या वर्षी.

ही औषधे इतकी महाग, की आपल्याकडील बहुतेक रोग्यांना परवडत नाहीत. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी म्हणूनच वेगळा प्रश्न विचारला: कमी मात्रा चालेल का? डोके-मानेच्या वाढलेल्या कर्करोगात त्यांनी निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, २० मिलिग्रॅम, इतर स्वस्त औषधांच्या जोडीने दिले. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.