मॅट्रिकचं दार आणि आपण



बचत गटाच्या कागदात 'शिक्षण' असा एक रकाना असतो. त्यात आपल्याकडे 'सातवी', 'नववी', 'दहावी नापास' हेच जास्त वेळा लिहावं लागतं. गावात अंगणवाडीची जागा निघाली, की तोच रकाना आडवा येतो. पूर्वी सेविकेला दहावी चालायची, आता बारावी मागतात. आणि बारावीची वाट दहावीवरूनच जाते. म्हणून आज आपण या परीक्षेची गोष्ट मुळापासून बघू.

आपल्या आज्या जिला 'मॅट्रिक' म्हणायच्या, ती परीक्षा मुंबई विद्यापीठाने १८५९ साली पहिल्यांदा घेतली. त्या वेळी पास झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. बाई मात्र एकही नव्हती, कारण बाईला परीक्षेला बसायची मुभाच नव्हती. सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती, त्याला तोवर अकरा वर्षं झाली होती. मुली शिकू लागल्या होत्या, पण परीक्षेचं दार बंद होतं.

ते उघडलं १८८३ साली. नियमांत जिथे पुरुषवाचक शब्द आहेत, तिथे स्त्रियाही धराव्यात, असं विद्यापीठाने ठरवलं. त्यासाठी ना इमारत बांधावी लागली, ना खजिना रिकामा करावा लागला. तरी एवढ्या गोष्टीला चोवीस वर्षं गेली.

दार उघडलं, पण तिथवर मुलींना नेणारी शाळा हवी ना? १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तेच हुजूरपागा. त्यात रानडे पुढे होते. मुलींना असं इंग्रजी शिक्षण देण्याला लोकमान्य टिळकांसारख्या मोठ्या माणसाचाही विरोध होता. तरी मुली शिकल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्याच दशकात मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या.

आणि ज्यांचं शाळेचं वय निघून गेलं होतं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. लग्न झालेल्या, विधवा झालेल्या बाया तिथे शिकून शिक्षिका आणि नर्स झाल्या. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि मराठीतून शिकवायला सुरुवात केली. तेव्हा मोठ्या वयात पाटी हातात घेणारी आपल्यातली कोणी पहिली नव्हे.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची एस.एस.सी. झाली. आधी ती अकरावीला असायची, १९७०च्या दशकात दहावीला आली. नावं बदलली, पण चूल, मूल, शेत आणि लवकर उरकलेलं लग्न यांत बायांची परीक्षा राहतच गेली.

आज आपल्यासाठी '१७ नंबरचा फॉर्म' आहे. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं, तर हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. किमान पाचवी पास असावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो तयार ठेवा. दाखला हरवला असेल, तर जुन्या शाळेतून दुय्यम प्रत काढा. फॉर्मची तारीख दर वर्षी बदलते, म्हणून पावसाळा लागला की जवळच्या हायस्कुलात चौकशी सुरू करा. मुख्य परीक्षा मार्चच्या सुमारास असते. एखादा विषय राहिला तर पुन्हा बसता येतं. पास व्हायला शंभरात पस्तीस लागतात.

आमचा अनुभव असा, की एकटीने अभ्यास होत नाही. चौघी मिळून होतो. गटाची बैठक संपली की तासभर पुस्तक उघडायचं. गणिताची भीती वाटते? शेकडा दोन रुपयांनी सहा महिन्यांचं व्याज आपण तोंडी काढतोच की. तेच कागदावर पायरी-पायरीने मांडायला शिकायचं, कारण प्रत्येक पायरीला मार्क असतात. इंग्रजीसाठी मुलाला नाहीतर सुनेला गुरू करा, त्यात कमीपणा नाही. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. लिहायची सवय तुटलेली असते, हात दुखतो, म्हणून रोज एक पान तरी लिहाच.

परीक्षेच्या दिवसांत मात्र घरच्यांनी स्वयंपाक उचलावा, हे आधीच बोलून ठेवा. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एकच गोष्ट विचारावी: यंदा आपल्यातल्या कोण कोण फॉर्म भरणार? नावं लिहून घ्या, आणि फीसाठी गटाच्या बचतीतून थोडं कर्ज ठेवा.