शेतीतील कौटुंबिक मजुरी व आयकर

शेतमालकाने घरच्या माणसाला दिलेल्या मजुरीची करआकारणी. 1961 च्या आयकर कायद्याने शेतीउत्पन्न करमुक्त ठेवले आणि 2025 च्या कायद्यानेही तेच धोरण चालू ठेवले. ही सवलत जमिनीच्या उत्पन्नाला आहे, शेतात राबणाऱ्याच्या मजुरीला नाही. बापाने उसाच्या खुरपणीचे पैसे मुलाला दिले की बापाकडचा करमुक्त पैसा मुलाच्या हाती करपात्र ठरतो. मुलाचे एकूण उत्पन्न करमर्यादेखाली असेल तर फरक काय, हा आक्षेप बहुतेक घरांपुरता खरा आहे. पण मुलगा नोकरीही करत असेल तर त्या मजुरीवर कर लागू शकतो.

दूधधंद्याचे उत्पन्न मात्र शेतीउत्पन्न नव्हे. तेथे मजुरी खर्च म्हणून वजा होते आणि नातेवाइकाला वाजवीपेक्षा जास्त दिलेली रक्कम अधिकारी नामंजूर करू शकतो. पत्नीकडे तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तिचा पगार पतीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. करचुकवेगिरी रोखण्यासाठी हे आवश्यक आहे, असे समर्थन केले जाते. पण त्यासाठी वाजवीपणाची कसोटी आधीच आहे. अज्ञान मुलाची अंगमेहनतीची कमाई पालकाच्या उत्पन्नात मिळवली जात नाही. पहाटे धारा काढणाऱ्या, शेणघाण उपसणाऱ्या पत्नीच्या कष्टालाही तोच न्याय मिळायला हवा.