जुन्या वस्तूंचे मोल

जुन्या वाड्यांची डागडुजी करून तेथे जुन्या वस्तूंचे व चित्रांचे बाजार भरविण्याची रीत आज जगभर रूढ आहे. अशा बाजारात वस्तूला मोल येते ते कशामुळे? लंडनजवळ ट्विकनहॅम येथे ‘स्ट्रॉबेरी हिल’ नावाचा वाडा आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

इंग्लंडचा पहिला पंतप्रधान रॉबर्ट वॉल्पोल याचा धाकटा मुलगा होरेस याने १७४७ साली येथे एक लहानसे घर घेतले आणि त्याला हळूहळू मध्ययुगीन गढीचे रूप दिले. मोठ्या दिवाणखान्याचे छत कोरीव दगडाचे वाटते, पण आहे कागदाच्या लगद्याचे! घर त्याने दुर्मिळ वस्तूंनी भरले, त्यांची सूची स्वतःच्या छापखान्यात छापली, आणि लोकांना तिकिटे देऊन ते पाहू दिले.

१८४२ साली वारसाने हा सारा संग्रह लिलावात काढला. चोवीस दिवस बोली चालली. सुमारे ३३,००० पौंड आले. कार्डिनल वूल्सीची म्हणून सांगितलेली टोपी एका नटाने घेतली. ती नक्की त्याचीच काय, हा प्रश्न निराळा. नाव मोठे होते, एवढे पुरे झाले.

याच संग्रहात काळ्या दगडाचा एक गुळगुळीत आरसा होता. एलिझाबेथ राणीच्या काळचा ज्योतिषी जॉन डी यात भुते पाही, अशी त्याची ख्याती. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याचा दगड मेक्सिकोतील पाचुका येथील ठरला. म्हणजे तो अॅझ्टेक कारागिरांचा! डी व वॉल्पोल ही नावे आरशाला चिकटली; तो घासणारे हात मात्र अनामिक राहिले.

गिरणीत मस्टरवर नाव नसले तर मजुरी मिळत नाही, हे आम्हां कामगारांना ठाऊक आहे. इतिहासाच्या मस्टरवर मालकांचीच नावे तेवढी चढतात.

सुमारे ९० लाख पौंड खर्चून सुधारलेला हा वाडा २०१० साली लोकांना खुला झाला. २०१८ साली पांगलेल्या वस्तूंपैकी दीडशेच्या वर वस्तू काही महिने तेथे परत मांडल्या गेल्या. तेव्हा अशा बाजारात गेल्यावर ‘ही कोणाची होती?’ हे अवश्य विचारावे. पण त्याआधी ‘ही केली कोणी?’ हे विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.