टायटल क्लिअर आहे

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एकच वाद चालू आहे : पवना की मुळशी. बाबा निवृत्त झाले, माझेही थोडे पैसे साठले आणि पाण्याकाठी छोटंसं घर असावं ही आईची जुनी इच्छा. दोन्ही जलाशय पुण्यापासून तास-दीड तासावर, शेजारशेजारच्या खोऱ्यांत. मी सवयीप्रमाणे स्प्रेडशीट केली. भाव, रस्ता, मोबाइलची रेंज, पावसाळ्यातल्या दरडी. मेमध्ये आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो, आणि तिथे माझी स्प्रेडशीट अडली.

कारण मेमध्ये पाणी जागेवर नसतं. फोटोत अंगणाला टेकलेलं पाणी प्रत्यक्षात बरंच खाली गेलेलं, मध्ये भेगाळलेला गाळ. पवनेत तर या दिवसांत एरवी बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं. एजंट 'लेक' म्हणतो, पण इथे निसर्गाने केलेला तलाव एकही नाही. दोन्ही धरणांच्या साठवणी आहेत, कुणाच्या तरी गरजेपुरत्या भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात भिऱ्याला उतरतं आणि वीज करतं. पवनेचं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. म्हणजे किनारा कुठे असेल हे ठरवणारे दुसरेच, आणि आपण व्ह्यूचे पैसे देणार.

मुळशीचा इतिहास शाळेत दोन ओळींत संपला होता. मुळा-नीलेच्या संगमावर टाटा कंपनी धरण बांधणार, वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार, आणि त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासहून अधिक गावं उठणार किंवा जमीन गमावणार, असं ठरलं. सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे बांधाच्या जागी जाऊन बसले. बायकाही होत्या. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. ही चळवळ १९२४च्या अखेरीस संपली ती बापटांनी रुळांवर दगड रचून कंपनीची गाडी अडवली तेव्हा. हातात तलवार आणि पिस्तूल होतं. सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र पुरं झालं.

इथवरची गोष्ट शौर्याची, म्हणून ती सांगितली जाते. राजेंद्र व्होरांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक वाचलं तेव्हा मला दुसरी बाजू दिसली. त्या खोऱ्यातली बरीच जमीन कसणाऱ्याच्या नावावर नव्हतीच. ती कर्जापोटी पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणारा मावळा आता कूळ. सावकाराला जमिनीचा लळा असण्याचं कारण नव्हतं. त्याचा प्रश्न भावाचा होता. भरपाईचा आकडा पुरेसा वाटला तसा त्याचा विरोध ओसरला, आणि त्यासोबत पुण्यातला पाठिंबाही. ज्याची चूल उठली त्याच्या हाती फारसं काही आलं नाही.

हे मी जेवताना सांगत होतो तर आजोबा म्हणाले, "आपलीही होती की तिकडे." त्यांच्या आजोबांची. घरात कुणी ती कधी पाहिली नव्हती, गहाणातून आलेली. टाटांचे पैसे आले त्यात वाड्याचं छप्पर शाकारलं, असं त्यांनी लहानपणी ऐकलेलं. बाबा म्हणाले, "शंभर वर्षं झाली, अण्णा." आजोबांनी ताकाची वाटी उचलली. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

पवनेची गोष्ट स्वातंत्र्यानंतरची, त्यामुळे तिच्यात इंग्रज नाही, कंपनी नाही, सेनापतीही नाही. आपलंच सरकार, आपलंच धरण. साठच्या दशकात काम सुरू झालं, सत्तरच्या सुरुवातीला पाणी अडलं. साडेआठ टीएमसीच्या आसपास. मुळशी याच्या दुपटीहून मोठी. पर्यायी जमिनीसाठी पवनेचे कित्येक प्रकल्पग्रस्त पुढची अनेक दशकं अर्ज-मोर्चे करत राहिले. मग धरणातून थेट पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनी न्यायचं ठरलं. नदीत पाणी उरणार नाही, म्हणून मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले. तेव्हा मी शाळेत होतो. टीव्हीवर पाहिलेलं आठवतं ते फक्त जळणाऱ्या गाड्या आणि 'वाहतूक ठप्प'.

पवनानगरला, जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात तिथे, चहाच्या टपरीवर एका काकांना मी प्लॉटबद्दल विचारलं. त्यांनी बोट पाण्याकडे केलं. "आमचं तिथं. तुमचं कुठं बघताय?" आवाजात राग नव्हता. पाणी ओसरलं की गाळपेर करतात, म्हणाले. स्वतःच्याच जुन्या शेतात, खात्याच्या परवानगीने.

एजंटचं म्हणणं सरळ होतं. पवनेला कटकटी असतात. संपादित जमिनीचे वाद, पाण्यालगतची अतिक्रमणं, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क'मध्ये काही ना काही. मुळशीच्या या प्लॉटचं टायटल क्लिअर आहे. मी कागद तपासले, वकिलाला दाखवले, ते खरंच स्वच्छ आहेत. बग शोधणं हाच माझा धंदा, पण यात एकही सापडला नाही. पवनेचे कागद मळके आहेत कारण तिथे हक्क सांगणारी माणसं अजून अर्ज करतात. मुळशीत हरलेल्यांची चौथी-पाचवी पिढी कुठे कुठे पांगली आहे. फेरफाराला हरकत घ्यायला कुणी येत नाही. वकील यालाच सुरक्षित व्यवहार म्हणतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

बाबांचा कौल मुळशीला आहे. आईलाही तिथलं पाणी आवडलं, मे असूनही. टोकन पुढच्या आठवड्यात द्यायचं ठरतंय आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायलाही मला कारण सांगता येत नाही. पवना घेतली असती तर मी काय जास्त भला ठरणार होतो?

काल आजोबांना विचारलं, आपली ती जमीन कुठल्या गावात होती? त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, "नाव काही येत नाही रे. नांगर धरला असता तर आलं असतं."