बुलेटचे शॉकअप : ट्रायल स्पर्धेपासून पांदण रस्त्यापर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील खडकाळ ट्रायल स्पर्धांत मागील चाक सांगाड्याला ताठ जोडलेल्या मोटारसायकलीच प्रामुख्याने वापरल्या जात. ताठ चाकाची पकड अधिक असते, असा समज रूढ होता. १९४८ मध्ये रॉयल एनफिल्डने झुलत्या भुजेवर मागील चाक बसविलेली बुलेट स्पर्धेत उतरविली. त्याच वर्षी इटलीतील सॅन रेमो येथील आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत तिच्या दोन्ही चालकांनी सुवर्णपदके मिळविली. चाक जमिनीला धरून राहते तेव्हाच पकड टिकते, हे त्यातून दिसले. १९५५ पासून मद्रास येथे एनफिल्ड इंडियाने बुलेटची जुळणी सुरू केली.

तिवसा तालुक्यातील काळ्या जमिनीवरचे पांदण रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात. तेथे जुन्या बुलेटचा हा गुण देखभालीवर अवलंबून असतो. पुढील चिमट्याच्या दोन्ही नळ्यांत तेल समान मापाचे हवे. सील फाटून ते गळाल्यास स्प्रिंगचे झोके आवरत नाहीत व चाक जमीन सोडते. मागील शॉकअप जोडीनेच बदलावे लागतात, अन्यथा भुजेवर पीळ पडतो. यावरून या यंत्ररचनेच्या इतिहासात संशोधकाइतकेच स्थान गावोगावच्या मिस्त्रीलाही द्यावे लागते.