दाढेतला किडा आणि डबीतली लवंग

माणसाचं पोट दुखू लागलं की लोक विचारतात, "काय खाल्लं होतंस?" डोकं दुखू लागलं की विचारतात, "चष्म्याचा नंबर तपासलास का?" पण दाढ दुखू लागली की कोणी काही विचारत नाही, सरळ औषध सांगायला लागतात. दाढ धरून बसलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. टपाल द्यायला आलेला पोस्टमन तुरटीच्या गुळण्या सांगून जातो, भाजीवाली पेरूची कोवळी पानं चावायला सांगते, आणि एरवी गुडघ्यांमुळे जिना न उतरणारे वरच्या मजल्यावरचे आजोबा बाभळीच्या सालीचा काढा किती आटवायचा ते सांगायला खास खाली येतात. हिंग, कापूर, मीठ, लसूण, हळद! स्वयंपाकघर आणि देवघर यांतली एकही वस्तू सुटत नाही. ज्याची दाढ दुखते त्याला धड तोंड उघडता येत नाही, त्यामुळे वाद घालायचीही सोय नसते. सल्लागारांना याहून चांगला श्रोता कुठे मिळणार?

दातदुखीचा इतिहास आणि सल्ल्याचा इतिहास बहुधा एकाच दिवशी सुरू झाला असावा. लेखी पुरावा पाहायचा तर बॅबिलोनियात जावं लागतं. तिथल्या मातीच्या पाटीवर, खिळे टोचल्यासारख्या त्या लिपीत, दातदुखीवरचा एक मंत्र कोरलेला आहे. त्याची सुरुवात थेट सृष्टीच्या उत्पत्तीपासून होते. (ठणका लागलेल्या माणसाला आधी सृष्टीची उत्पत्ती ऐकवायची, म्हणजे ते वैद्यही आपल्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांपैकीच!) आकाशातून पृथ्वी झाली, पृथ्वीतून नद्या, नद्यांतून कालवे, कालव्यांतून चिखल आणि चिखलातून किडा. हा किडा रडत रडत देवांपुढे गेला आणि म्हणाला, माझ्या खाण्यापिण्याची काय व्यवस्था? देवांनी त्याला पिकलेलं अंजीर देऊ केलं. त्यानं ते नाकारलं आणि दात व हिरडी यांच्यामधली जागा मागून घेतली. एकदा आत शिरलेला भाडेकरू बाहेर काढणं देवांनाही जमत नाही, हे मुंबईतल्या घरमालकांना निराळं सांगायला नको. मंत्रासोबत औषधही आहे: बिअर, तेल आणि एक वनस्पती एकत्र कालवून दाताला लावायची आणि मंत्र तीनदा म्हणायचा. त्यातली बिअर तरी उपयोगी पडत असावी.

हा किडा पुढे जगभर पसरला. आपल्याकडे सुश्रुतानं 'कृमिदंतक' नावाचा रोग सांगितला आहे. दाताला काळं भोक पडतं, दात हलतो, आणि काही कारण नसताना भयंकर ठणका लागतो. वर्णन इतकं चोख आहे की सुश्रुताची स्वतःची दाढ कधीतरी दुखली असावी अशी मला शंका आहे. मराठीनं तर हा किडा भाषेतच ठेवून घेतला. आपण अजून दात 'किडला' असंच म्हणतो, आणि पदवीधर दंतवैद्यही आरशात बघून तेच म्हणतात.

किडा आहे म्हटल्यावर तो काढणारे निघणारच. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घेत. युरोपात यासाठी खुरासानी ओव्याच्या बिया जाळत. ही वनस्पती विषारी, आणि तिच्या धुरानं गुंगी येते, त्यामुळे दुखणं थोडं कमी होई हे खरं. पण रोग्याला नुसता आराम पुरत नाही, त्याला पुरावा लागतो. १५९७ साली जॉन जेरार्ड नावाच्या इंग्रज वनस्पतितज्ज्ञानं आपल्या ग्रंथात या धंद्याचं बिंग फोडलं. काही लबाड लोक पाण्याच्या भांड्यात वाद्याच्या तारांचे बारीक तुकडे हळूच सोडतात आणि रोग्याला सांगतात, बघा, हे किडे तुमच्या तोंडातून पडले! तंतुवाद्याचा इतका बेसूर उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

पुढे १७२८ साली प्येअर फोशार या फ्रेंच माणसानं दंतवैद्यकावर पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ लिहिला. त्यानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि आपल्याला काही किडा दिसला नाही असं स्वच्छ सांगितलं. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात त्याला. मात्र याच जनकानं दातदुखीवर स्वतःच्या मूत्राच्या गुळण्या करायलाही सांगितलं आहे. थोर माणसांचं सगळंच ऐकू नये, ते असं.

गंमत म्हणजे किडा पुन्हा आला. विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्यानं १८९० साली मांडलं की तोंडातले जंतू अन्नातल्या साखर-पिठापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. म्हणजे भाडेकरू होता, फक्त डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नव्हता. आणि अंजीर नको म्हणाला ती तर शुद्ध थाप. गोड हेच त्याचं मुख्य अन्न!

मधल्या दोन हजार वर्षांत माणसानं काय काय केलं ते वाचून दाढ नसली तरी डोकं दुखतं. रोमन पंडित प्लिनी यानं दातदुखी होऊ नये म्हणून महिन्यातून दोनदा उंदीर खाण्याचा उपाय नोंदवला आहे. बेडूक पकडून त्याच्या तोंडात थुंकायचं आणि दुखणं घेऊन जा अशी त्याला विनंती करायची, हाही एक उपाय. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीची दाढ १५७८ साली दुखू लागली तेव्हा ती काढून घ्यायला ती घाबरत होती. मग लंडनचे बिशप जॉन एल्मर यांनी राणीला धीर यावा म्हणून तिच्यासमोर स्वतःचा एक दात उपटून घेतला. आपल्याकडे वरिष्ठांसाठी लोक फार तर रजेचा अर्ज मागे घेतात.

आता अक्कलदाढ. अक्कल हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेनं आला, आणि ही दाढ अरबांची 'अकलेची दाढ'च आहे. ग्रीक आणि रोमन लोकांनीही तिचा संबंध शहाणपणाशी जोडला. सतरा ते पंचवीस हे तिचं येण्याचं वय. त्या वयात माणसाला दाढ येते एवढंच सिद्ध झालं आहे. तुर्की लोक व्यवहारी, ते नुसतं 'विशीचा दात' म्हणतात. कोरियन भाषेत तिला प्रेमाचा दात म्हणतात, कारण वय तेच आणि वेदनाही बहुधा तशीच. जपानीत तिचं नाव आहे 'आईबापांना न कळणारी'. तीन देश, पण तरुण मुलाचं वर्णन पूर्ण झालं.

जबडा आखूड आणि दाढ रुंद, त्यामुळे ती अर्धवटच वर येते. तिच्यावर हिरडीची झापड राहते, झापडीखाली अन्न अडकतं, आणि मग गाल सुजतो. सुश्रुतानं हेही पाहिलं होतं. जबड्याच्या अगदी शेवटच्या दातापाशी मोठी सूज, मोठी वेदना आणि गळणारी लाळ, याला तो 'अधिमांस' म्हणतो. उपाय? ते वाढलेलं मांस कापायचं आणि वेखंड, पाठा, सज्जीखार, यवक्षार वगैरेंचं चूर्ण मधातून लावायचं. ती झापड दंतवैद्य आजही कधीकधी कापतात, मात्र आधी इंजेक्शन देऊन. मुखरोगाची शस्त्रक्रिया उपाशीपोटी करावी असंही सुश्रुत सांगतो. अक्कलदाढ सुजलेल्या माणसाला हे मुद्दाम सांगायची गरज नव्हती.

या सगळ्या गर्दीत टिकून राहिली ती लवंग. आमच्या मावशीच्या मसाल्याच्या डब्याशेजारी एक वेगळी पितळी डबी असे, तिच्यात फक्त लवंगा. या मसाल्यातल्या नव्हेत, या 'दाढेच्या' लवंगा! खरं म्हणजे दोन्ही एकाच पुडीतल्या. पण औषधाला सोवळं लागतं.

लवंग म्हणजे झाडावरची न उमललेली कळी. ही झाडं मूळची इंडोनेशियातल्या टर्नाटे, टिडोर अशा चिमुकल्या बेटांवरची. त्या बेटांच्या शोधात मॅगेलन पाच जहाजं घेऊन १५१९ साली निघाला. तो स्वतः वाटेतच मारला गेला, आणि १५२२ साली एकच जहाज अठरा युरोपीय खलाशांसह स्पेनला परतलं. त्यात लवंगा होत्या, आणि त्या विकून मोहिमेचा खर्च भरून निघाला. माणसांचा हिशेब कोणी केला नाही. पुढे डचांनी भाव टिकवण्यासाठी अंबोन आणि जवळची बेटं सोडून इतरत्रची लवंगेची झाडं तोडायला लावली. त्यांचा डोळा चुकवून प्येअर प्वाव्र या फ्रेंच माणसानं १७७० साली रोपं मॉरिशसला आणवली, आणि एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या श्रमावर झांझिबारचे मळे उभे राहिले. तिथून लवंग मुंबईला येई. १९३७ साली झांझिबारच्या सरकारनं हा व्यापार हिंदी व्यापाऱ्यांच्या हातून काढून घेणारा कायदा केला, तेव्हा काँग्रेसनं लवंगेवर बहिष्कार पुकारला. १९३८ साली तडजोड झाली. त्या काळात दाढ दुखणाऱ्या मुंबईकर देशभक्तानं किती मोठा त्याग केला असेल, याची कल्पना ज्याची दाढ दुखली आहे त्यालाच यावी.

लवंगेच्या तेलात शेकडा सत्तर-ऐंशी भाग युजेनॉल असतं, आणि ते मज्जातंतू बधिर करतं. कुवेतमधल्या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हिरडीला लवंगेचा लेप किंवा बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध लावून सुई टोचली, तर दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. मावशीला यासाठी कुवेतला जावं लागलं नव्हतं. पण मावशी अख्खी लवंग दाढेखाली धरायला सांगायची. बाटलीतलं निव्वळ तेल हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते, आणि लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

घरगुती उपायांची दुसरीही एक बाजू आहे, तिच्यावर विनोद करता येत नाही. दात दुखतो म्हणून कोणीतरी चिमूटभर मशेरी लावायला सांगितली, आणि दुखणं गेलं तरी मशेरी आयुष्यभर राहिली, अशा बायका आपल्या घराघरांत होत्या. ती भाजलेली तंबाखूच. तोंडाच्या कर्करोगापर्यंत नेणारी. आणि दाढेचा पू गळ्याकडे उतरला की जबडा उघडत नाही, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. लुडविग या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली याचं वर्णन केलं. पेनिसिलिन येण्यापूर्वी अशांतले निम्म्याहून अधिक रोगी दगावत. ताप आणि गळ्याशी सूज असेल तर डबी बंद करून रिक्षा बोलवावी.

दंतवैद्याच्या दवाखान्यात पाऊल टाकताच जो वास येतो ना, ज्यानं निम्मे लोक दारातूनच परततात, तो या युजेनॉलचाच. झिंक ऑक्साइडमध्ये ते कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. डॉक्टर म्हणतात, "दोन दिवस या बाजूनं चावू नका, आणि बुधवारी या." मावशीही लवंग देऊन "त्या बाजूनं चावू नकोस हं" एवढंच सांगायची, बुधवारचं काही बोलायची नाही. आमच्या ओळखीचे एक दंतवैद्य म्हणतात की त्यानं फारसा फरक पडत नाही. सिमेंटनं ठणका थांबला की बुधवारी कोणी येत नाही. तीन महिन्यांनी रात्री अकरा वाजता दाराची घंटा वाजते. गाल धरून तोच पेशंट उभा असतो, आणि त्याच्या तोंडाला लवंगेचा वास येत असतो.